ठकीबाईंचं कपाळ

"कपाळ कुठंय? माझ्या आजीचं कपाळ कुठं गेलं, ते सांगा आधी!"

आणि दुकानाच्या काउंटरवर डीव्हीडीची डबी अशी आपटली गेली की समोरच्या रसवंतीचा चरक थांबला. चरक विजेवर चालतो आणि डबी आपटल्याने वीज जात नाही, हे मलाही कळतं. पण तो थांबला, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आपटणारा गृहस्थ म्हणजे मोहन. सुरगाण्याच्या बाजूला जीप चालवतो. त्याच्या जीपमध्ये माणसं इतकी बसतात की मागच्यांशी बोलायचं तर दुसऱ्या तालुक्यात हाक मारल्यासारखी मारावी लागते. तो सगळा गळा त्या सकाळी माझ्या दुकानात मोकळा झाला होता. मखमलाबादचे एक झेंडूवाले आपल्या लग्नाची जुनी कॅसेट घेऊन उभे होते, त्यांनी ती हळूच पुन्हा पिशवीत सारली आणि "येतो नंतर" म्हणून जे गेले ते गेलेच.

"मोहनभाऊ, बसा. पाणी घ्या."

"पाणी नको. कपाळ द्या."

माझं रविवार कारंज्याजवळ व्हिडिओचं दुकान. गिऱ्हाइकांनी माझ्याकडे आजवर काय काय परत मागितलं नाही! वरातीत हरवलेली चप्पल मागितली, विहिणीच्या पंगतीतली जागा मागितली, एकाने तर लग्नाआधीचं आयुष्य मागितलं. कपाळ मागणारा हा पहिलाच. आणि गंमत अशी की मागणी अगदी रास्त होती.

हे कपाळ माझ्याकडे कसं आलं, ते समजायला आधी आमचा धंदा समजून घ्या.

नाशिक जिल्ह्यातल्या निम्म्या संसारांची सुरुवात मी केली आहे. म्हणजे कॅमेऱ्याने. पुढे त्यांचं काय झालं, ते माझ्या खाती धरू नये. माझी बायको सुनंदा एडिटिंग करते. मी बाहेर बोलतो, ती आत कापते. रुसलेला जावई, श्रीखंडाची तिसरी वाटी लपवणारे काका, मंगलाष्टकं चालू असताना मोबाइलमध्ये भाव बघणारे कांदेवाले मामा, सगळ्यांना तिने एकेका कळीत नाहीसं केलेलं आहे. तिच्याशी भांडताना मी नेहमी हे लक्षात ठेवतो.

लग्नाच्या व्हिडिओत सगळ्यात जास्त काम असतं नवरीच्या चेहऱ्यावर. आदल्या रात्रीचं जागरण, हळदीने उठलेलं पुरळ, मुरुमं, डाग. हे सगळं पुसून चेहरा साबणाच्या जाहिरातीसारखा करून द्यावा लागतो. दर वेळी नव्याने कोण करत बसणार? म्हणून संगणकात कामाची एक रीत बांधून ठेवता येते. एकदा ती लावली की संगणक चेहरा शोधतो, त्यावर जे काही बारीक काळं दिसेल ते पुसतो आणि कातडी गुळगुळीत करतो. आमच्या या रितीचं नाव सुनंदाने ठेवलं होतं, 'नवरी'. गेली कित्येक वर्षं नवं काम उघडलं की 'नवरी' आपोआप लागलेलीच असायची. तिला बंदही करता येतं, हे आम्ही विसरलो होतो. आमच्याकडे नवरीशिवाय काम येतच नव्हतं ना!

या 'नवरी'ने आम्हाला आधी एकदा इशारा दिला होता. सिन्नरच्या एका सासूबाई लग्नाची डीव्हीडी घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने परत आल्या. "ही आमची सून नव्हे!" झालं होतं असं की सुनेच्या हनुवटीवर तीळ होता, तो तीळ बघूनच मुलगी पसंत केलेली, आणि आम्ही तो साफ करून टाकलेला. "उद्या घरात काही बरंवाईट झालं तर तुम्ही येणार का निस्तरायला?" बाईंचा आवाज असा, की तिकडे सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटल्याचा भोंगा समजून माणसं डबे घेऊन फाटकाबाहेर आली म्हणतात. मूळ चित्रण आम्ही पुसून टाकलेलं होतं. मग सुनंदाने तो तीळ हाताने पुन्हा लावला, चित्रामागून चित्र, चित्रामागून चित्र. बसलेल्या नवरीला नीट बसला, पण वरातीत नाचणाऱ्या नवरीला तो काही केल्या बसेना. अजूनही त्या डीव्हीडीत तीळ हनुवटीवरून गालावर जातो, तिथून कानाशी जरा विसावतो आणि परत येतो. सासूबाईंचं समाधान झालं. पण सुनंदा पुढचे काही दिवस मनाशी काहीतरी ठरवल्यासारखी वागत होती. काय ठरवलंस, असं मी विचारलं नाही. ज्या गोष्टीचं उत्तर आपल्यावर उलटेल ती विचारू नये, एवढं मला संसाराने शिकवलं आहे.

तर अशा या आमच्या दुकानात एक दिवस गोसावी सर आले. सर इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. चाळीसेक वर्षांपूर्वी त्यांनी भाड्याचा कॅमेरा घेऊन पेठ-सुरगाण्याचे डोंगर पालथे घातले होते. इंग्रजांच्या अमदानीत जंगलासाठी जी भांडणं झाली, ती आठवणारी माणसं तेव्हा म्हातारी झाली होती. सरांनी त्यांना बोलतं केलं आणि त्याची मालिका बनवली. टीव्हीवर ती एकदाच दाखवली गेली, तीही अशा वेळी, की माणसं शेतावर आणि वीज रजेवर. नंतर त्या टेपा सरांच्या माळ्यावर एका ट्रंकेत पडल्या. आता एका संस्थेने मनावर घेतलं होतं, मालिका दुरुस्त करून पुन्हा लोकांपुढे आणायची.

"मोबाइलवर टाकू की, सर," मी म्हणालो.

"विलासराव, ज्यांची ही मालिका आहे त्यांच्या पाड्यावर नेटवर्क एका खडकावर उभं राहिल्याशिवाय येत नाही. खडकावर उभं राहून कुणी आपल्या आजोबांना बघायचं का? डीव्हीडी काढा, पेनड्राइव्ह काढा. घरात बसून बघता आलं पाहिजे."

आजच्या दिवसांत डीव्हीडीचा संच काढायचा म्हणजे टांग्याचं शोरूम टाकण्यासारखं. पण सरांपुढे मी कधी नाही म्हणू शकलेलो नाही. कॉलेजात त्यांच्या तासाला मी मागच्या बाकावर झोपायचो आणि ते माझी झोप मोडू नये म्हणून हळू शिकवायचे. एवढा मोठा माणूस.

ट्रंक उघडली तर टेपा चिकटलेल्या. टेप म्हणजे प्लॅस्टिकची पट्टी आणि तिच्यावर बारीक चुंबकी भुकटीचा लेप. चित्र त्या लेपात असतं. वर्षानुवर्षं दमट हवा खाऊन लेप चिकट होतो, टेप मशिनमध्ये घातली की मांजराच्या शेपटीवर पाय दिल्यासारखी किंचाळते आणि अडकते. त्यावर उपाय म्हणजे तिला मंद आचेवर शेकायचं. लेप थोडा वेळ सुकतो, तेवढ्यात चालवून चित्र संगणकात उतरवून घ्यायचं. शेकायला मी एका कोंबडीवाल्याकडून अंडी उबवायची पेटी आणली, कारण तिच्यात उष्णता एकसारखी राहते. तिसऱ्या भागातून पिल्लू बाहेर आलं, असं मी दुकानात सगळ्यांना सांगतो, ते खोटं आहे. सातव्या भागातून आलं.

एकेक टेप अशी उतरवली. पण एक टेप जरा जास्तच गेलेली होती. ती एकदा चालली आणि मशिनच्या बाहेर आली तेव्हा लेप सगळा मशिनच्या चाकांना लागलेला आणि हातात नुसती पारदर्शक पट्टी. नेमकी हीच टेप ठकीबाईंची.

पुढे साफसफाई. चित्रातल्या पांढऱ्या रेघा, उडालेले रंग, आवाजातली घरघर. सुनंदा आणि मी आळीपाळीने बसायचो. आणि 'नवरी' आमच्याबरोबर बसलेलीच होती. तिला कोणी बंद करायला हवं होतं यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. दोन्ही सुनंदाची आहेत आणि दोन्हींत माझं नाव आहे.

नमुन्याचा पहिला संच सरांना दाखवला. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही सरांना पडदा धुक्यातून दिसतो. ते म्हणाले, "विलासराव, सगळी माणसं फार टवटवीत दिसतात हो!" आम्ही ही शाबासकी समजलो. मी तर त्या शाबासकीवर सुनंदाला बाहेर जेवायला घेऊन गेलो.

मग सरांनी सांगितलं, ज्यांची माणसं मालिकेत आहेत त्यांना आधी दाखवा, नंतरच डीव्हीडी छापायला कारखान्यात पाठवा. ठकीबाईंचा नातू म्हणजे हा मोहन. नमुना त्याच्याच जीपमधून त्याच्या घरी गेला, आणि दोन दिवसांनी त्याच जीपमधून परत येऊन माझ्या काउंटरवर आपटला.

"लावा," मोहन म्हणाला. "तुमीच लावा अन् तुमीच बघा."

मी डीव्हीडी लावली. दारात बसलेल्या ठकीबाई आल्या. ऐंशीच्या घरातली बाई, आणि चेहरा असा तुकतुकीत की आत्ता हळद लागली आहे आणि संध्याकाळी सीमांतपूजन आहे! सुरकुती नाही, डाग नाही.

ठकीबाई सांगत होत्या. जंगलात लपलेल्या माणसांना त्या गवताच्या भाऱ्यात भाकरी लपवून न्यायच्या. एका शिपायाने त्यांना लांबून पाहिलं. नाव कळलं नाही, पण कपाळावरचं गोंदण त्याच्या लक्षात राहिलं. "मंग साहेब पाड्यावर आला. असं असं गोंदलेली बाई पाहिजे म्हणला. कळलं आमाला आधीच. रातोरात गोंदणारीन बोलावली. पाड्यावरच्या समद्या बायांनी माझ्यासारखंच गोंदून घेतलं. सकाळी शिपाई बघतोय तं समद्यांची कपाळं सारखी! सुजलेली, पण सारखी. कोणाला धरंल? हे बघा, हेच ते."

आणि हसत हसत ठकीबाईंनी कपाळावर बोट ठेवलं. बोटाखाली कोरं कपाळ.

मोहनने टीव्ही बंद केला. आता तो ओरडत नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं.

"सरकारच्या शिपायाला जे गावलं नाय, ते तुमी पुसून टाकलं," तो म्हणाला. "घरात आजीचा एक फोटो नाय, भाऊ. एक नाय. आईला म्हणलं, आई, तुझी आई टीव्हीत येणार. आई आंघोळ करून, नवं लुगडं नेसून बसली. शेजारच्या बाया बोलावल्या. अन् बघून काय म्हणली माहीत हाय? म्हणली, ही कोण बाई?"

इथे गप्प बसायला हवं होतं. पण मी बोललो, कारण मी कुठेही बोलतो. "मोहनभाऊ, एवढंच ना? हे साफ केलेलं. मूळ चित्रण वेगळं असतं, त्यात आजी आहे तशा आहेत. चुटकीसरशी काढतो!"

आणि संगणक उघडला. मूळ चित्रणाच्या जागी तुळशीच्या लग्नानंतरची लग्नं. मुहूर्तांच्या दिवसांत जागा पुरत नाही, म्हणून जुनं काढून टाकायचं, ही आमची जुनी पद्धत. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. जिकडे उघडावं तिकडे कुणीतरी घास भरवतंय. ठकीबाई नाहीत. टेपचा तर लेपच गेला होता. म्हणजे ठकीबाईंचं कपाळ या जगात आता कुठेच नव्हतं, आणि मोहन माझ्या खांद्यावरून बघत होता.

"सापडतंय," मी म्हणालो. "संगणक म्हटला की थोडा वेळ लागतोच."

"तुमचा हात का हलतोय?"

"पंख्याचा वारा."

पंखा बंद होता.

सुनंदा त्या दिवशी घोटीला बहिणीकडे गेली होती. फोन लावला.

"अगं, ठकीबाईंचं मूळ चित्रण... त्यांना ना, ती आपली 'नवरी' लागली."

पलीकडे शांतता. ही शांतता मी ओळखतो. तिच्यात माझा सगळा इतिहास तिच्या डोळ्यांपुढून जातो.

"घरी जा," ती म्हणाली. "तांदळाचं पिंप उघडा."

"मी काय विचारतोय आणि तू..."

"कोपरापर्यंत हात घाला." आणि फोन ठेवला.

घर दुकानाच्या वरच आहे. मी जिना चढलो, मागे मोहन. तो मला नजरेआड करायला तयारच नव्हता. पिंपाचं झाकण काढलं, घोटीचा इंद्रायणी काठोकाठ. बायकोच्या डोक्यावर परिणाम झाला, की ती मला शिक्षा करते आहे, हे ठरत नव्हतं, पण हात घातला. मनगट गेलं, कोपर गेलं, आणि बोटांना काहीतरी टणक लागलं.

प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेली हार्ड डिस्क. तिच्याखाली दुसरी. मग मोहनने बाह्या वर केल्या आणि आम्ही दोघांनी तो तांदूळ असा उपसला की स्वयंपाकघरात पाऊल टाकायला जागा उरली नाही. एकेका पिशवीवर सुनंदाच्या अक्षरात चिठ्ठी, अमक्याचं लग्न, तमक्याचं लग्न. सिन्नरच्या सासूबाई येऊन गेल्यानंतर तिने एकही मूळ चित्रण फुकट जाऊ दिलं नव्हतं. मी पुसायच्या आधी ती उतरवून घ्यायची आणि ओल लागू नये म्हणून तांदळात पुरायची. म्हणजे इतकी वर्षं मी जो भात खात होतो, तो जिल्ह्यातल्या लग्नांवर मुरलेला होता! तरीच मला झोपेत सनईचे आवाज यायचे.

अगदी तळाशी 'गोसावी सर' लिहिलेली पिशवी निघाली.

खाली येऊन ती जोडली. जोडताना मी कुलदैवताला जे जे बोललो ते फेडायला मला आणखी एक जन्म लागेल. चित्र आलं. खरखरीत, रंग उडालेलं, मधून पांढऱ्या रेघा धावणारं. आणि दारात बसलेल्या ठकीबाई, सगळ्या सुरकुत्यांसकट. कपाळावर हिरवट काळे टिपके, भुवयांच्या मध्ये रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना फांद्यांसारखे टिपके उतरलेले.

"हे बघा, हेच ते," ठकीबाई म्हणाल्या आणि बोट ठेवलं. बोटाखाली गोंदण होतं.

मोहन खुर्चीत बसला. सकाळपासून पहिल्यांदा.

"आता पाणी द्या," तो म्हणाला.

मी तांब्या भरला, आणि देण्याआधी निम्मा मीच प्यालो. अंगातून जे काही सुटलं ते शब्दांत सांगायला मी असमर्थ आहे, आणि मी असमर्थ आहे असं लिहिण्याची ही माझी पहिलीच वेळ.

संध्याकाळी सुनंदा आली. स्वयंपाकघर पाहिलं, मला पाहिलं, आणि केरसुणी माझ्या हातात दिली. मग खाली जाऊन 'नवरी' बंद केली आणि सगळे भाग पहिल्यापासून करायला बसली. रेघा काढल्या, रंग आणले, घरघर घालवली, पण चेहऱ्यांना हात लावला नाही. एका टोपीवाल्या आजोबांच्या गालावरचे देवीचे व्रण परत आले. एका बाबांच्या भुवईवरची जखमेची खूण परत आली, आणि तेव्हा आम्हाला कळलं, की ते त्या भागात याच जखमेबद्दल बोलत होते. आम्ही दोघांनी ते ऐकून, वर मान हलवून, ती खूण पुसली होती.

त्या दिवसांत मला आमचं कपाट बघवेना. जिल्हाभरातल्या नवऱ्या त्यात ओळीने बसलेल्या आणि सगळ्यांचा चेहरा एकच. त्यांचे तीळ, त्यांचे डाग, लहानपणी चुलीजवळ पोळल्याच्या खुणा, सगळं मी हौसेने घालवलं आणि वर कौतुक करून घेतलं. सिन्नरच्या सासूबाईंची गोष्ट मी वर्षानुवर्षं विनोद म्हणून सांगत आलो. आता सांगताना आवाज थोडा खाली येतो. लोकांना कळत नाही, कारण माझा खाली आलेला आवाजही शेजारच्या दुकानात ऐकू जातो.

सरांना सगळं सांगितलं. सर रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "ठकीबाईंच्या लेकीनं हो म्हटल्याशिवाय कारखान्यात जायचं नाही." म्हणून मी आणि सुनंदा नवा नमुना घेऊन मोहनच्या जीपने निघालो. मी पुढे, सुनंदा मध्ये, आणि मागे एवढी माणसं की चढावर जीप आम्हाला ओढत होती, की आम्ही तिला, हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

घर डोंगराच्या कुशीत. टीव्हीवर विणलेला रुमाल, शेजारी डीव्हीडी प्लेअर, त्यावरही रुमाल. ठकीबाईंची लेक, म्हणजे मोहनची आई, भिंतीला टेकून बसली होती. तीही आता आपल्या आईच्या वयाला आलेली. या वेळी नवं लुगडं नव्हतं. शेजारच्या बायाही तिने बोलावल्या नव्हत्या. त्या दारातून आपल्या आपणच डोकावत होत्या.

मोहनने डीव्हीडी लावली. ठकीबाई आल्या, गवताच्या भाऱ्याचं सांगितलं, शिपायाचं सांगितलं, रातोरात बोलावलेल्या गोंदणारणीचं सांगितलं. दारातल्या बायका हसल्या. मग ठकीबाईंनी कपाळावर बोट ठेवलं, आणि मोहनने चित्र तिथेच थांबवलं.

मोहनची आई पडद्याकडे बघत राहिली. मोहन माझ्याकडे बघेना. मला शांतता मुळीच सोसत नाही.

"आजी, बघा कसं चित्र आणलंय!" मी म्हणालो. "रेघ नाही, ओरखडा नाही, काल काढल्यासारखं! कशी दिसते तुमची आई?"

आजी सरकत सरकत टीव्हीजवळ गेल्या. रुमालाचा कोपरा बाजूला केला, डोळे बारीक केले आणि पडद्यावरच्या कपाळावर एकेका टिपक्यावर बोट ठेवत गेल्या. शेवटच्या टिपक्यावर बोट थांबलं.

"हा वाकडा हाय."

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. तिथून नाशिकपर्यंत चालत जावं लागेल, असं ते पाहणं होतं.

"आजी, तो आम्ही नाही हो केला! मुळातच तसा..."

"समद्या बायांचा सरळ व्हता," आजी म्हणाल्या. "हिचाच वाकडा व्हता. आईच हाय."